दुसऱ्याच्या पासावर गेलेला भाऊ

माझं माहेर देवगडच्या बाजूचं, गाव इतकं लहान की नाव सांगून तुम्हाला कळायचं नाही, खाली खाडी, वर कातळ आणि मधे आमची दहा-बारा घरं. बाप मी लहान असतानाच गेला. आईनं दोघांना वाढवलं, मला आणि माझ्या पाठच्या विष्णूला. तो सहा वर्षांनी लहान, म्हणजे मीच त्याला कडेवर घेऊन गाव हिंडले म्हणा ना, करवंदीच्या जाळीत त्याचा डावा कान अडकला तेव्हाही तो माझ्याच कडेवर होता, कानाची पाळी फाटली ती फाटलीच, आईनं मला झोडपलं, म्हणाली एक पोर सांभाळूक दिलंय तां पण तुका जमूक नाय. तेव्हा राग आला होता. पुढं ते बोलणं मला फार वेळा आठवलं.

लग्न होऊन लालबागात आले तेव्हा मी सतरा वर्षांची. आमचे हे गिरणीत साळखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायचं काम. खोली म्हणाल तर दोन माणसांनी हात पसरले की संपली, त्यात मी गाववाल्यांची खानावळ चालवली, बारा माणसं जेवायला, पाळ्या वेगवेगळ्या, कोण सकाळी जातंय, कोण दुपारी येतंय, माझी चूल काही विझायची नाही. मसाला मात्र मी कधी आयता आणला नाही, खाली चक्कीवर समोर उभी राहून कुटून घ्यायची, चक्कीवाला म्हणायचा वहिनी तुम्ही बसा की, मी म्हणायची तू कूट, मी बघते. माझा स्वभावच तसा, कुणावर सोडून निर्धास्त होणं मला जमत नाही. आणि एकदाच सोडलं, ते असं झालं. तर विष्णूचं सांगत होते.

विष्णू एकोणिसाव्या वर्षी मुंबईला आला. ह्यांनी त्याला माग शिकवला, पण कायम नोकरी कुठली लगेच, बदलीवाल्यांत सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर आत, नाहीतर परत. परत आला की दारातूनच ओरडायचा, बाय, आज साहेबान माका ओळखूक नाय, भात वाढ. मला तो बाय म्हणायचा. माझ्या बांगड्याच्या तिकल्याला नावं ठेवायचा आणि त्याच तिकल्यात तिसऱ्यांदा भात कालवायचा. सभा-मोर्चाचं त्याला वेड नव्हतं. तेव्हा आमच्या चाळीत सगळीकडं तेच होतं हो, मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे, भिंती रंगवलेल्या, पोरं घोषणा देत जिन्यावरून खाली उतरायची. विष्णू म्हणायचा, मुंबई गावली तर तिच्यात माका एक माग गावात काय, तां आधी विचार.

त्या वर्षी ह्यांच्या गावच्या जत्रेत पालखीचा मान आमच्या घराकडं आला. काय सांगू तुम्हाला, कोकणातल्या माणसाला पालखीचा मान म्हणजे काय ते. घरातला पुरुष नाही गेला तर पुढच्या पिढ्यांना ऐकावं लागतं. आणि गिरणीनं रजा दिली नाही. मग आमच्यात जे करायचे तेच आम्ही केलं. आपल्या गिरणीच्या पासावर घरचा माणूस पाठवायचा, भाऊ, मेहुणा, पुतण्या, कुणी असेल तो. पासावर तेव्हा फोटो नसायचा, नाव आणि नंबर, झालं. खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, आमच्याच बाजूचा, त्याला कळत होतं, तो म्हणाला मी बघितलं नाही, पण तुम्हीही तोंड उघडायचं नाही, कळलं तर तुमची जाईल आणि माझीपण जाईल. हे बोटीनं गावी गेले आणि दुसऱ्या दिवशीपासून विष्णू ह्यांचा पास खिशात घालून ह्यांच्या मागावर उभा राहिला. गिरणीच्या लेखी तो माझा नवरा. मी त्याला चिडवलं, म्हटलं आता माझ्यावर ओरडू नकोस हां, हजेरीत ह्यांचं नाव लागलं म्हणून.

चार दिवस नीट गेले. पाचव्या दिवशी शहर पेटलं. गिरण्या बंद पडल्या, माणसं रस्त्यावर आली, परळपासून इकडं नुसता आवाज, मग अश्रुधूर, मग गोळ्या. आम्ही बायका दारं लावून बसलो, चाळीच्या भिंतीवर पण दगड का काय ते आपटत होतं. दुपारपर्यंत माझे बाराही जण जेवायला आले, कुणाच्या डोक्यातून रक्त, कुणाची चप्पल नाही, पण आले. विष्णूला गिरणीच्या दारातून बाहेर पडताना दोघांनी बघितला होता. त्याच्या पुढचं कुणाला ठाऊक नाही. गोळ्या आल्या तशी गर्दी तुटली, एकानं सांगितलं. बस, एवढंच. गर्दी तुटली.

दोन दिवस कर्फ्यू, खिडकीतून डोकं काढायची चोरी. तिसऱ्या दिवशी ढिला झाला तशी मी निघाले. पोलीस चौकीत गेले, तिथला हवालदार म्हातारा होता, भला होता, त्यानं विचारलं मुलगा कामाला कुठं, मी म्हटलं कुठं नाही, असाच फिरायला गेला होता. खोटं बोलले. त्यानं तसंच लिहून घेतलं, विष्णू, वय वीस, बेकार. मग इस्पितळात गेले. तिथं दारात बायकांची ही रांग, कुणाचा नवरा, कुणाचा पोर, एक म्हातारी तर नातवाचा सदराच घेऊन आलेली, ह्या सदऱ्याच्या मापाचा आहे म्हणून. आत आधी खाटांवरची माणसं दाखवली, मग खाली नेलं, तिथं मेलेले दाखवले, चादरी वर करून. मी चेहरा बघत नव्हते, आधी डावा कान बघायची. कान धड दिसला की पुढं. विष्णू नव्हता. पण तिथल्या माणसानं सांगितलं, काही आधीच बाहेर गेले, घरच्यांनी नेले, काही कुणी आलं नाही म्हणून सरकारनं नेले, ते वहीत बघायचं.

वहीपाशी एक कारकून बसला होता, तीन दिवस झोपला नसावा, डोळे असे लाल. मी म्हटलं विष्णू. त्यानं बोट फिरवत फिरवत पानं चाळली, म्हणाला नाही. मी उभीच. तो म्हणाला, बाई, दुसरं काही नाव? कधी कधी माणूस शुद्धीत नसतो, खिशातल्या कागदावरनं आम्ही नाव लिहितो, कुणाच्या खिशात दुसऱ्याचा कागद असतो, आठवून बघा.

आठवायचं काय होतं. मला ठाऊकच होतं की. त्याच्या खिशात ह्यांचा पास होता. मला फक्त माझ्या नवऱ्याचं नाव घ्यायचं होतं. आता तुम्हाला हसू येईल, तुमच्या मुली नवऱ्याला नावानं हाक मारतात, आमच्यात नवऱ्याचं नाव जिभेवर आणायचं नाही म्हणजे नाही. आयुष्यात एकदा घेतलं, लग्नात, पोरींनी दार अडवलं म्हणून, तेही उखाण्यात घालून. आता इस्पितळात उखाणा घालू? आणि ते नाव मी कुठं शोधायला सांगणार, तर मेलेल्यांच्या वहीत. जिवंत नवऱ्याचं नाव, गळ्यात मंगळसूत्र घालून, मी आपल्या तोंडानं मेलेल्यांत बघायला सांगायचं. आणि खोटं कशाला बोलू, दुसरी भीतीपण होती, सरकारी वही आहे, उद्या गिरणीला कळलं की ह्यांचा पास दुसऱ्याच्या खिशात होता तर ह्यांची नोकरी जाईल, मग ते बारा जण आणि मी कुठं जाणार. कुठली भीती मोठी होती ते मला आजपण नीट सांगता येणार नाही. कारकुनानं परत विचारलं, आहे का दुसरं नाव? मी मान हलवली, नाही. मागची बाई पुढं सरकली.

गोपाळ. गोपाळ धोंडू. बघा, आता कसं निघालं तोंडातून.

हे आठवड्यानं आले, बोटीचा मेळ नव्हता. गुलालाचा सदरा तसाच अंगात. मी सगळं सांगितलं, कारकुनाचं तेवढं सांगितलं नाही. हे उंबऱ्यावर बसले, डोकं धरून, आणि पहिला शब्द काय काढला, तर पास खंय आसा? माझा भाऊ गेलाय आणि ह्यांना पासाची पडलीय. मी म्हटलं, त्याच्या खिशात आसा, गावलो की मागून घेवा. त्यानंतर कित्येक वर्षं मी ह्यांना जेवायला वाढलं, संसार केला, दोन मुलगे झाले, पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. ह्यांनी पास हरवला म्हणून जॉबरला सांगितलं, नवा मिळाला, हे त्याच मागावर परत उभे राहिले.

शोधायचं मात्र ह्यांनी सोडलं नाही, ते मी नाही म्हणणार नाही. ठाण्याच्या तुरुंगात जाऊन आले, नाशकाला जाऊन आले. कुणी सांगितलं माहीमच्या कोळीवाड्यात तसाच एक दिसतो, तर मला घेऊन तिकडं गेले. एकजण पाठमोरा बसून जाळं विणत होता, खांदे तेच, मान तीच, ह्यांनी हाक मारली, विष्णू. त्यानं वळून बघितलं, चेहरा वेगळाच. त्याला आम्ही सगळं सांगितलं तर बिचाऱ्यानं चहा पाजला, म्हणाला वहिनी, तुम्ही म्हणत असाल तर मी घडीभर असाच पाठमोरा बसतो. माणसं अशीपण असतात. मी बसले बघत, थोडा वेळ. हे लांब जाऊन उभे राहिले.

तिकडं आई दर वर्षी लेकासाठी देवाला कौल लावायची, झील जिता आसा काय नाय सांग म्हणून, आणि दर वर्षी उजवा कौल, म्हणजे जिवंत आहे. बारा वर्षं झाली तसे भटजी म्हणाले आता दर्भाचा पुतळा करून क्रिया उरका, आत्मा अडकून राहतो. आई म्हणाली, देव आसा म्हणता आणि तुम्ही नाय म्हणतास, मी कोणाचा आयकू? शेवटपर्यंत करू दिलं नाही. मी गावी गेले की माझा हात धरून विचारायची, सगळीकडं बघितलंस मा गो? काय एक रवला नाय मा? मी म्हणायची नाय गो आये, सगळां बघलंय. तिच्या डोळ्यांत बघून म्हणायची.

आणि महाराष्ट्र झाला त्या दिवशी आमच्या चाळीत रोषणाई, पेढे, ढोल, पोरं नाचतायत. मी दार लावून घेतलं. मुंबई मिळाली, माझा भाऊ नाही मिळाला, मी कशाला नाचू? पण बारा माणसं जेवायची होती, जरा वेळानं उठले, चूल पेटवली. पेढा कुणी आणून दिला तो खाल्लापण. भूक लागली होती.

ह्यांना शेवटी कापसाच्या धुळीनं खाल्लं, छाती भरली. एका दुपारी मी पाठ शेकत होते, तर म्हणाले, ऐक, एक सांगूचां रवलां. म्हणाले, मी गावाहून आलो ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी इस्पितळात गेलेलो. त्या वहीत माझां नाव बघूक. म्हणून तुका पास विचारलेलो, त्याच्याकडंच होतो काय, त्याचीच खात्री करूक. कारकून म्हणालो, ह्या आधी विष्णूक बघूक एक बाई इलेली, मी दुसरां नाव विचारलां, ती नाय म्हणाली. ती तूच, तां माका कळलां. त्यानं सगळी वही माझ्यासमोर चाळली, मेलेल्यांची, जखमींची, सगळी. माझां नाव नव्हतां. तू घेतलं असतंस तरी काय गावणार नव्हतां. समाजलां? तुझ्यामुळं काय नाय जाला.

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं की माझ्या तोंडून नाव निघालं नाही, आणि एवढ्या वर्षांत भांडणात नाही, रागात नाही, कधी एक शब्द काढला नाही. आणि मी मात्र पासावरून मनात अढी धरून बसलेली. मी रडले, खूप रडले. आणि मग माझा स्वभाव, काय करणार, मी ह्यांचा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला, म्हटलं माझी शपथ घेऊन सांगा, वहीत नाव नव्हतं? ह्यांनी हात काढून घेतला. म्हणाले, पाणी दी.

त्याच महिन्यात हे गेले.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजू? खोटं बोलायची त्या माणसाला सवय नव्हती, डाळ खारट झाली तर बारा जणांसमोर खारट म्हणायचा. मग वाटतं खरंच बोलले, आजारी माणसाला शपथ कशाला घालायची असते, तहान लागली असेल. आणि कधी भांडी घासताना वाटतं, नाव असणार. गोपाळ धोंडू, सरकारनं नेला, असं लिहिलेलं असणार, आणि ह्यांनी आपल्या नावाचं मरण स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं आणि घरी येऊन माझ्या हातचं जेवले. ती वही आता कुठं असणार? मुलगा म्हणतो, आई, आपण चौकशी करूया, अर्ज करूया. मी नको म्हणते. आता मी सत्तरीच्या पुढं गेले. ह्यांनी मला जे दिलं ते खरं असो नाहीतर खोटं, ते मी ठेवून घेतलंय, ते उकरून बघायचा माझा हक्क नाही. पुतळा करून क्रिया तेवढी मी ह्या वर्षी करायला सांगितली आहे, विष्णूची आणि ह्यांची, दोघांचीही एकत्र, भटजी म्हणाले असं चालत नाही, मी म्हटलं चालवा.

तुम्ही लांबून आलात, एवढा वेळ बसून ऐकलंत, देव तुमचं भलं करो. तशी वेळ तुमच्यावर कधी न येवो. पण आलीच, तुमचं कुणी हरवलं, आणि कुणी विचारलं दुसरं काही नाव आहे का, तर लाजू नका, भिऊ नका, मागच्या बाईला पुढं येऊ देऊ नका. मोठ्यानं सांगा.