लोटलेले दार

नाही, मल्लप्पा, कडी आतून मीच लावली होती. घरमालक शिवलिंगप्पा काहीही सांगोत, दाराचा त्यात काडीचा दोष नाही. नळावरच्या रांगेत घागर ठेवायची, घरी यायचे, कडी लावायची आणि पाणी सुटेपर्यंत वाचत बसायचे, हा माझा नेम. या दुष्काळात पाण्याचा भरवसा नाही, म्हणून रांगेत माणसांऐवजी घागरीच उभ्या असतात. त्या दिवशी मोरीत पाय घसरला आणि कंबर धरली — तुम्ही रंधा चालवा, ऐकताना हात थांबवू नका. हाक का मारली नाही, म्हणता? वर्गात जन्मभर मोठ्याने बोलले, पण ओरडले कधी नाही. नागम्माचे नाव एकदा घेतले, बेताच्या आवाजात. मग आणखी कोणाला बोलवावे, याचा विचार करीत पडले — नावे फार लवकर संपली. असो. तुमची पटाशी त्या पाटाखाली आहे.

नागम्मा म्हणजे शेजारची, माझीच विद्यार्थिनी. इंग्रजी शब्द मी पाठ करून घेत नसे, कृतीतून शिकवीत असे. दारापाशी जायचे, दार ढकलायचे आणि ढकलता ढकलता म्हणायचे — आय ॲम पुशिंग द डोअर. पुश म्हणजे ढकलणे, झाले, असे तुम्हांला वाटेल. झाले कसे? बटण आपण दाबतो, गाडी ढकलतो, गर्दीत रेटतो, दार लोटतो. इंग्रज हे सारे एका पुशमध्ये उरकतो. तर नागम्माने दार असे ढकलले, की बाहेर उभ्या तपासनीस साहेबांची टोपी व्हरांड्याखाली गेली! मी म्हटले, "नागम्मा, ते दार आहे, बैल नव्हे." तर म्हणते, "बाई, तुमीच म्हणला की पुश!" इंग्रजीत नापास झाली. जोर मात्र तेव्हापासूनचा.

तर त्या दिवशी मी मोरीत पडलेली असताना पाणी सुटले, रांग सरकू लागली. मालकीण जागेवर नसली, तर मागची बाई तिची घागर पायाने पुढे ढकलते, अशी इथली रीत. पण माझ्या घागरीला पाय लावायचा नाही, असे मी पहिल्याच दिवशी बजावलेले — म्हणून कोणी लावला नाही. बाया वळसा घालून पुढे जात राहिल्या आणि घागर जागच्या जागी. शेवटी नागम्माने ती दोन्ही हातांनी उचलली, भरली आणि दारी आणली. "बाई नळ चुकवत न्हाईत, मला धस्सच झालं की," म्हणाली. मग दारावर थापा. मी 'आहे' एवढेच म्हटले. "बाई, भिऊ नका, मी ढकलायलेय!" — आणि मग प्रत्येक धक्क्याला, मल्लप्पा, साऱ्या बोळाला ऐकू जाईल असे — "आय ॲम पुशिंग द डोअर! आय ॲम पुशिंग द डोअर!" मला धीर यावा म्हणून! बिनचूक म्हणत होती. मीही मोरीत पडल्या पडल्या म्हटले, "व्हेरी गुड. अगेन." हसू नका. कोयंडा चौकटीच्या ढलपीसकट निघाला तो तेव्हा. — डोळ्यांत? तुमचा भुसा उडतो आहे, दुसरे काय.

होय, पहिल्यापेक्षा दणकट कडी आणा, असे मीच सांगितले होते. पण ही... फारच दणकट आहे. पातळ नको हो, तसे म्हणत नाही मी. दार मोडल्यापासून ते नुसते लोटलेले असते आणि नागम्मा सकाळी न विचारता आत येते. "च्या घेतला न्हाय अजून?" चहा करते, साखर वाजवीपेक्षा अधिक घालते. मी रागावते. दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. लोटलेले — याला इंग्रजीत मनाजोगा शब्द शोधत होते, सापडला नाही. लांबून बंद दिसते आणि हात लावला की उघडते.

चौकट सांधा आणि कडी परत न्या. दिवसा दार लोटलेले राहील, रात्री ती लाकडी खिटी पुरे — नागम्मापुढे ती टिकायची नाही, ठाऊक आहे मला. नळावर माझी घागर ती पायाने ढकलील. दाराला कडी नको, हे तिने कालच मागितले होते; शिवलिंगप्पाही कुरकुरत कबूल झाले. अडले होते ते माझ्यापाशी. आता अडलेले नाही.

या तुम्ही. आणि जाताना दार — हं, तसेच. नुसते लोटा.