काकवीची जखम

नाही हो, नाही! तारखेत गल्लत चालायची नाही. त्या माणसावर आधीच पुरेसा अन्याय झालाय. तुम्हाला सांगतो, मी हे ऐकलं ते एकोणीसशे अठ्ठावन्नच्या एप्रिलमधल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी, दापोडीला, खुद्द हिंदुरावांच्या घरी, त्यांच्याच तोंडून. हिंदुराव म्हणजे कारखान्यातले रंगारी आणि कामगारांच्या नाटकांचे रंगभूषाकार. सहा वर्षं दुसऱ्यांची तोंडं रंगवली, पण माइकवरून एकदा तरी नाव पुकारलं गेलं असेल तर शपथ!

म्हणून त्याच्या आदल्या वर्षीच्या नाट्यस्पर्धेत त्यांनी ठरवलं, रंगभूषेचं बक्षीस घ्यायचंच. नाटकाच्या शेवटी यंत्रावर अपघात होतो, नायकाचं कपाळ फुटतं. आणि नायक कोण? सोपानराव, हिंदुरावांच्याच खात्याचे फोरमन! आता फोरमनचं कपाळ फोडायचं म्हणजे हलगर्जी करून चालेल का? तीन महिने हा माणूस जेवणाची सुट्टी सोडून कारखान्याच्या दवाखान्यात उभा… कुणाचं बोट चेचलं, कुणाची नडगी सोलली, की हे आत डोकावणार, "भाऊ, जरा कड बघू द्या की!" कारण ताजी जखम नुसती लाल नसते, कड फिकी, मध्ये काळसर, भोवती सूज. मग मेण, कापूस, डिंक, काजळी… आणि रक्त? घरातली काकवी, त्यात कुंकू!

प्रयोग भर दुपारी, मांडवात. सोपानराव कपाळ धरून आले, आणि काकवीवर बसली माशी! एक, दोन, पाच… अहो, माश्यांना जखम पटल्यावर माणसांचं काय घेऊन बसलात? अख्खा मांडव उभा! शालनबाई, म्हणजे हिंदुरावांची पत्नी, नवऱ्याचं नाव ऐकायला नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसलेल्या. काकवी गेली ती त्यांच्याच डब्यातली, त्यांच्यादेखत! त्यासुद्धा किंचाळल्या, "अगं बया, सायबास्नी लागलं की!" आणि दोष काय? जखम चांगली झाली!

हिंदुराव विंगेतून ओरडतायत, "आवं, खोटी हाय! म्या केलीया!" 'म्या केलीया' ऐकताच दोघांनी त्यांचे दंड धरले. तोवर कंपाउंडर पेटी घेऊन स्टेजवर, कापूस दाबून पट्टी आवळूनही मोकळा. सोपानराव सांगणार होते हो! तोंड उघडलं होतं त्यांनी… पण तेवढ्यात टाळ्या पडल्या.

पुण्याचे परीक्षक गहिवरून उठले. "रक्त वाहत असताना एकही वाक्य न चुकलेल्या या कलावंताला धैर्याचं खास पदक!" आणि रंगभूषेचं बक्षीस? दुसऱ्या मंडळाला! त्यांच्या राजाची दाढी अर्धी सुटून छातीवर लोंबत होती! परीक्षक म्हणतात, "तिथे निदान रंगभूषा दिसली तरी." हिंदुरावांनी हात जोडले, "साहेब, येवढी पट्टी सोडून बघा की!" त्यावर सोपानराव पट्टीखालून डोळे वटारून म्हणाले, "हिंदुराव, उद्या पहिल्या पाळीला यायचंय ना?" संपलं! दोष काय? जखम चांगली झाली!

पुढे मोठे साहेब येता-जाता विचारू लागले, "सोपानराव, कपाळ कसं आहे?" पट्टी किती दिवस बांधणार? पंधरा दिवसांनी फोरमन हळूच म्हणाले, "हिंदुराव, एक वण काढून द्या." आणि हिंदुराव मला गळ्याला हात लावून सांगतात, "म्या साफ न्हाई म्हनलो!"

हे वाक्य संपतंय न संपतंय तोच त्यांच्या आतल्या खोलीतून, खांद्यावर टॉवेल टाकून, सोपानराव बाहेर! कपाळावर बोटभर वण. पांढुरका, कडेला बारीक सुरकुती, चांगला वर्षाचा मुरलेला. मी नकळत बोट पुढे केलं, तर हिंदुराव ओरडले, "हात लावू नगा, अजून…" आणि जीभ चावली. सोपानराव गेल्यावर अगदी हलक्या आवाजात विचारलं, "पन कसा झालाय?… न्हाई, म्हंजी, भरून कसा आलाय?"

मी म्हटलं, "उत्कृष्ट." हिंदुराव भिंतीकडे तोंड करून बराच वेळ डोळे पुसत राहिले. सहा वर्षांतलं पहिलं बक्षीस, आणि तेही घरात, दार लावून!

आता ते 'अजून' म्हणजे अजून दुखतंय, की अजून ओलं आहे… एवढी एकच बाब मला आजतागायत पडताळता आलेली नाही.