भावाची नोटीस, माझा फ्लेक्स

अगं, भावानं वडिलांची चाकणची जमीन गुपचूप विकायला काढली. त्याच्या वकिलाला जाऊन विचारलं, तर म्हणाला, "ताई, पेपरात जाहीर नोटीस दिली होती. हरकतीची मुदत संपली." पेपर तरी कसला? आमच्या गावात येतच न्हाई!

मी चौकात फ्लेक्स लावला, वाढदिवसाचा लावतात तसा. माझा मोठा फोटो, खाली 'वडिलांच्या चाकणच्या जमिनीत माझा हिस्सा हाय.' पहाटे बघायला गेले. धुक्यात रस्ता न्हाई, खांब न्हाई, नुसती फ्लेक्सवरची मीच हवेत तरंगत होते. खालून कंपनीच्या बसगाड्या हळूहळू चालल्या होत्या. स्वप्नच वाटलं बाई.

तेवढ्यात वकिलाचा फोन. "ताई, तो फ्लेक्स काढा. गिऱ्हाईक मागं सरलंय. असली नोटीस कायद्यात बसत नाही."

म्हणलं, "नसंल बसत. पण वाचली ना?"