चेअरमनची मोटार

…आन् मास्तर सांगतेत, असली नाटकं म्हणे ग्रीसात व्हायची! राजा गुन्हेगार हुडकत फिरतो, आन् ठसे निघतेत त्याच्याच पायाचे! अहो, त्याच्यासाठी ग्रीस कशाला? तलवाड्याच्या अलीकडं आमच्या गावात या की!

तुमाला सांगतो, पाणीवाटप सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव. बोअर पाडला, दुष्काळात पानी लागलं, गुलाल काय, हलगी काय! म्हनले, "आपला हात लागला की खडक बी पाझरतो!" महिन्याभरात शेजारची गावविहीर आटली… पन त्यांना दिसंल तर शपथ! मारुतीच्या पारावर शपथ घेऊन गरजले, "कोनाच्या बोअरनं विहीर पिली? नाव सांगा! मोटार काढून घेतो, आन् बायकोसकट ऊसतोडीला धाडतो!" गाव आपलं खाली बघतंय. तोंडावर सांगनार कोन हो?

मग एकेकाची मोटार बंद! त्रिंबकच्या मोटारीला सील ठोकलं, त्याची मोसंबी उभी वाळली, बिचाऱ्या नवराबायकोनं ऊसतोडीच्या मुकादमाच्या टोळीत नाव लिवलं. विहीर कोरडीच! कुनीतरी हळूच म्हनलं, "साहेब, तुमची मोटार…?" "चेअरमनच्या मोटारीचा काय संबंध? नाव सांगा!" घरात बायको, सत्यभामाबाई, हात जोडतेत, "आवो, पुरं करा हे हुडकनं, पाया पडते…" ऐकतेत व्हय?

आन् एका दुपारी त्यांचीच मोटार जळाली. दोन दिवसांत विहिरीत कमरेइतकं पानी! अर्जुनराव तर नाचलेच, "बगा! माझ्या शपथंला देव पावला!" नारळ फोडला, सोता खोबरं वाटाया लागले… आन् त्रिंबकच्या हातावर ठेवताना थांबले. वाळली झाडं तोडून तो हात सगळा ओरबाडलेला. आपली मोटार जळाली म्हनून पानी आलं, हे तवा कुठं टाळक्यात शिरलं. मग म्हनले, "मीच हाय तो. तुझी बाग मी मारली, त्रिंबक."

गावानं काय करावं? ज्यांना पहिल्यापासून ठावं व्हतं, तेच म्हनतेत, "केवढं मन! दुसऱ्याचं पाप अंगावर घेतंय!" हार घातला की हो! गुन्हा कबूल केला तरी शिक्षा मिळंना, मानसानं जावं कुठं? डोळं मिटलं की मोसंबी दिसती. शेवटी सत्यभामाबाईंनी गपचूप ऊसतोडीचं गाठोडं बांधलं.

टोळीचा ट्रक आला. दोघं मान खाली घालून मागच्या फाळक्यावर चढाया लागले, तर वरून त्रिंबकच म्हनतो, "साहेब, मागं कशाला? फुडं बसा, डायवरजवळ. तुमच्यासाठी जागा धरलीया."

अर्जुनराव शरमेनं मेले हो, पार मेले… आन् बसले. फुडंच बसले.