आमचा वार शनिवार

— नाही, तसं नाही म्हणायचं मला, तू बैस आधी. त्या भिंतीकडच्या उशीला टेकून बैस, ती मऊ आहे. तुला वाटतंय मी नवऱ्याची बदनामी करतेय. नाही गं पोरी. तू सरळ विचारलंस, मी सरळ सांगितलं. राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेल्या माणसाला राजकारणाचा अनुभव आहे का? नाही. जन्म गेला त्याचा पोरांना गणित शिकवण्यात, आणि मी, सालहा, त्याची बायको, तुला सांगते, त्याला मक्तरच्या बाजारात साधी कोंबडी भाव करून घेता येत नाही. विकणारा सांगेल तेवढे देतो, वर त्यालाच म्हणतो, अल्ला बरकत देवो. आणि हा उद्या बाहेरच्या देशांशी बोलणी करणार? तो समोरचा उमेदवार, टायवाला, टीव्हीवर हसला ना परवा — ‘तिजानी मास्तर भले गृहस्थ आहेत, पण देश म्हणजे आठवीचा वर्ग नव्हे’ — मला राग आला, खूप आला, हातातला पेला आपटला मी. पण खोटं काय बोलला तो? काहीच खोटं बोलला नाही, आणि राग त्याचाच जास्त येतो.

म्हणून तर तुला पाठवलीय ना तुमच्या प्रचारवाल्यांनी, ट्यूनिसहून इतक्या लांब, हे कॅमेऱ्याचं यंत्र खांद्यावर घेऊन? अनुभव नाही म्हणतात काय, मग दाखवूया — पाणी मंडळाचा अध्यक्ष आहे की! गावाला पाणी पाजलं, देशालाही पाजेल. नळ वाहतोय, नळाशेजारी बायको उभी आहे, बायको म्हणतेय, ‘माझ्या नवऱ्याला अनुभव आहे.’ झालं. आल्या आल्या तू अंगणातला नळ फिरवलास, आणि काय आलं त्यातून? फुस्स. तोंड बघायला हवं होतंस तेव्हा आपलं. अगं, आज बुधवार. आमचा वार शनिवार. मग गेलीस अंजिराखाली फोन घेऊन — नाही, त्यात काय, इथे सगळे तिथेच जाऊन बोलतात, बाकी कुठे आवाजच येत नाही. घे, चहा घे. पेला अर्धाच आहे, राग मानू नकोस. शनिवारपर्यंत पुरवायचंय.

पाणी मंडळ म्हणजे काय ते नीट ऐक, तुमच्या शहरात नळ फिरवला की येतं. आमच्या तीन वाड्या. खालची, मधली आणि ही वरची. विहीर एक, पंप एक, आणि पाणी कुठल्या वाडीला सोडायचं त्याची चावी एक. ती चावी असते बलगासमजवळ, कमरेला बांधून असतो, झोपतानाही सोडत नाही म्हणतात. आणि बलगासम ऐकतो फक्त तिजानीचं. आधी काय होतं माहितीये? आधीचा अध्यक्ष होता तो मुरलेला माणूस, पक्षात होता, सगळ्यांना ओळखायचा — अनुभवी! कुणाच्या लग्नाला चावी फिरव, कुणाच्या कोकराच्या बदल्यात फिरव, मेव्हण्याच्या टोमॅटोला फिरव. खालच्या वाडीत गल्लीतून पाणी वाहायचं आणि वर आम्ही आभाळाकडे बघायचो. मग लोकांनी मास्तरला धरलं. का? तर तो कुणाचाच नाही म्हणून. नाकासमोर चालतो म्हणून. आणि आता सगळ्या देशाला तेच सुचलंय, बघ.

तो फोनवरचा तुकडा तूही पाहिला असशील, सगळ्यांनीच पाहिला. वालीसाहेबांची, म्हणजे प्रांताच्या गव्हर्नरची, माणसं टँकर घेऊन आली, साहेबांकडे कसली मेजवानी होती, आणि हा पंपाच्या दारात उभा, हातात खडू — शाळेतून तसाच आला होता. ‘कुठल्या वाडीचे तुम्ही?’ म्हणे. ते म्हणाले, आम्ही वालीसाहेबांकडून आलोय. ‘त्या नावाची वाडी नाही आमच्यात. तुमचा वार नाही.’ बस, एवढंच. कुणीतरी ते टिपलं आणि महिन्याभरात पोरं भिंतींवर लिहायला लागली, ‘तुमचा वार नाही.’ शाळेच्या भिंतीवर उमेदवारांचे चौकोन आखलेत ना, येताना पाहिलेस? त्यातल्या त्याच्या चौकोनात तेच लिहिलंय मोठ्या अक्षरात. तुम्हा लोकांना वाटलं, काय धीट माणूस आहे. धीट कसला. तो मला पण असंच बोलतो. जेवणाआधी ऑलिव्ह तोंडात टाकलं तर म्हणायचा, सगळे बसू देत.

हसू नकोस. म्हणजे हस, हसण्यासारखंच आहे, पण मी त्याच्याबरोबर संसार केलाय. ऐक, अनुभव नसला की काय होतं ते सांगते, हे त्या टायवाल्यालाही माहीत नाही. तिजानीने काय केलं, तिन्ही वाड्यांना सारखा वेळ दिला. जेवढा खालचीला तेवढाच मधलीला, तेवढाच वरचीला. गणित! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता तूच सांग, पाणी डोंगर चढून वर यायचं तर आधी एवढी लांब नळी भरायला नको? ती भरता भरताच आमचा निम्म्याहून जास्त वेळ जातो. खाली चावी फिरवली की चहा उकळायच्या आत येतं, आमच्याकडे चहा उकळून, पिऊन, पेले विसळून — विसळायलाही पाणी हवं म्हणा — तोवर नळ खोकायला लागतो, मग गढूळ येतं, मग करंगळीएवढी धार, आणि हंडा भरतोय तोवर बंद. मी त्याला सांगितलं. कितीदा सांगितलं. अरे बाबा, सारखा वेळ म्हणजे सारखं पाणी नव्हे. कळायचं त्याला, मान हलवायचा. गणिताचा मास्तर, त्याला नाही कळणार? पण म्हणायचा, ‘सालहा, वरची वाडी तुझं माहेर. वरचीचा वेळ वाढवला तर लोक काय म्हणतील? बायकोच्या माहेराला पाणी दिलं म्हणतील. मग उद्या कुणाला नाही कोणत्या तोंडानं म्हणू?’

मुरलेल्या माणसानं काय केलं असतं? चार माणसं बोलावली असती, खालच्यांना काहीतरी कबूल केलं असतं, मधल्यांची समजूत काढली असती, आणि आम्हाला तासभर वाढवून दिला असता. यालाच राजकारण म्हणतात ना? मग तेवढं तरी यायला नको? स्वतःचं नाव पांढरं राहावं म्हणून सगळ्या वाडीला कोरडं ठेवायचं — हा न्याय झाला? मी म्हणते, नाही झाला. तोंडावर म्हटलं त्याच्या.

तू विचारलंस ना मघाशी, मी इथे माहेरी का राहते म्हणून. आई आजारी होती, तिचं करायला आले, असं सांगते मी सगळ्यांना. खरंच आहे ते. पण आई जाऊनही आता दुसरा उन्हाळा आला. — ते यंत्र बंद आहे ना? बंद असेल तरच सांगते.

आई गेली तेव्हा मंगळवार होता. भर उन्हाळा, आदल्या शनिवारचं पाणी आजारपणात संपलेलं, शेजारी पण तीच गत. घरात मयत, आणि शेवटची आंघोळ घालायला पाणी नाही. बायका एकमेकींकडे बघतायत. मी त्या अंजिराखाली जाऊन बलगासमला फोन लावला. तो रडायलाच लागला, म्हणाला, बाई, मास्तरांना हो म्हणू दे, या मिनिटाला फिरवतो. मग याला लावला. मी आयुष्यात त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं, सोनं नाही, काही नाही. म्हटलं, एकदाच फिरव. माझ्या आईसाठी फिरव. तो गप्प. इतका वेळ गप्प, की मला वाटलं फोन तुटला. मग म्हणाला, ‘मी पाणी घेऊन येतो.’ आणि आला बरं का. आमच्या घरचं, त्याच्या स्वतःच्या वाट्याचं पाणी कॅनमध्ये भरून, गाढव लंगडत होतं म्हणून एक कॅन स्वतःच्या खांद्यावर, त्या चढणीनं, दुपारच्या उन्हात. सदरा भिजलेला, डोळे असे लाल. चावी नाही फिरवली. फिरवली असती तर कुणी एक अक्षर बोललं नसतं, खालच्या वाडीची माणसंच म्हणत होती, मास्तर फिरवा. पण नाही. खेपा घातल्या त्यानं. आईला आंघोळ घातली आम्ही त्या पाण्यानं, आणि मी त्या दिवसापासून खाली उतरले नाही.

काय म्हणू सांग मी अशा माणसाला? वाईट म्हणू? कसं म्हणू — ती चढण तू चढून आलीस ना आज, नुसतं ते यंत्र घेऊन, तरी धापा टाकत होतीस. चांगला म्हणू? माझ्या आईला झाकून ठेवावं लागलं पाण्याची वाट बघत. रात्री पडल्या पडल्या मी भांडते त्याच्याशी, मनातल्या मनात, आणि प्रत्येक वेळी शेवटी मीच गप्प होते. कारण काय माहितीये? कारण असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझा बाप नव्हता असा, भाऊ नाहीत. या देशात कुणाच्याही हातात चावी द्या, तो आधी आपल्या घराकडे बघतो. एक तिजानी आहे, आडमुठा, जो बघत नाही. मत कुणाला देणार विचारलंस, मी टाळलं. त्यालाच देणार. दुसरं कुणाला देऊ? चरफडत देईन, पण त्यालाच देईन.

चल, लाव ते यंत्र. लाव म्हणते ना. इतक्या लांबून आलीस, रिकामी कशी पाठवू? पण तुमचं वाक्य नाही म्हणायची मी, माझं म्हणेन. थांब, ओढणी नीट करते. — झालं सुरू? बरं. मी सालहा, तिजानीची बायको. माझ्या नवऱ्याला राजकारणाचा काही अनुभव नाही. पण चावी त्याच्याकडे द्या. तो ती कुणासाठी फिरवणार नाही. मंत्र्यासाठी नाही, भावासाठी नाही, आणि बायकोसाठीसुद्धा —

थांब. कसला आवाज तो? अंगणात. नळ खोकतोय. आज... आज बुधवारच ना? मग?

नळी भरून पाणी वर यायला एवढाच वेळ लागतो. म्हणजे तू अंजिराखाली गेलीस तेव्हाच चावी फिरवली. कुणाशी बोललीस तू मघाशी? कचेरीतल्यांशी? की त्याच्याशीच? खाली बघू नकोस, तुला नाही रागावत मी, तुझा काय दोष. तोच होता ना? तू म्हणालीस, नळ कोरडा आहे, चित्र कसं घेऊ. मग? ‘बलगासमला सांगतो’ — एवढंच म्हणाला?

एक सांग मला. खरं सांग. म्हणायच्या आधी जरा गप्प बसला का? थोडा तरी?

लगेच म्हणाला.

बरं.

नाही, बंद करू नकोस, चालू राहू दे. मघाचं पुसून टाक आणि हे घे. तुला हवं तेच देते, नळाशेजारी उभी राहून देते, धार दिसतेय ना मागे? मी सालहा, तिजानीची बायको. माझ्या नवऱ्याला अनुभव आहे. — आलं नीट? मग ऊठ आता, आवर तुझं सामान. मला हंडे भरायचेत. आणि दार उघडंच ठेव जाताना, शेजारणींना हाक मारते, पाणी आलंय म्हणून.