ताईच्या स्क्रीनवरचा मी

...आणि वर त्याला कॅमेरा म्हणायचं. लॅपटॉपच्या कपाळावर मोहरीएवढं भोक, त्याच्या आत म्हणे काच, काचेच्या मागे म्हणे अजून काहीतरी, आणि एवढ्याशा त्या भोकातून माझा अख्खा चेहरा ताईपर्यंत पोचणार. कसा पोचेल? तुम्हीच सांगा. एकेचाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलाय मी. निवृत्त होणारे साहेब, नवी नवरी, ओळखपत्राच्या फोटोला भोकाड पसरणारी पोरं, सगळ्यांना त्या एका स्टुलावर बसवलं. हनुवटी खाली, खांदे सैल, आणि बोलू नका. बोललं की माणूस हलतो, हलला की फोटो गेला. एकेचाळीस वर्षं मी लोकांना गप्प बसवलं हो, आणि त्याचं कौतुक होत होतं. आपलं एकच, चित्र स्वच्छ पाहिजे.

तर ताई. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझं नाक पुसण्यापासून अभ्यास घेण्यापर्यंत सगळं हिनंच केलं. आता ती भाच्याकडे असते, बसनं पाच तास. गुडघे गेल्यापासून तिचं इकडे येणं बंद, आणि माझं जाणं आज जाऊ उद्या जाऊ. शेवटी भाच्यानं दोन लॅपटॉप आणले, एक तिकडे ठेवला, एक इकडे. "मामा, दर रविवारी दहा वाजता बोलायचं. ठरलं म्हणजे ठरलं."

बोलत होतो. वर्षभर बोललो. आणि एका रविवारी ताई म्हणाली, "अरे, तू आजकाल धुरकट दिसतोस."

संपलं. मला, धुरकट? दुसरं कुणी काही म्हणालं असतं, म्हातारा दिसतोस, टकला दिसतोस, चाललं असतं. धुरकट म्हणजे माझ्या धंद्यावर बोट. मी त्या कोपऱ्यातल्या चौकटीत स्वतःला पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि तुम्हाला सांगतो, लाज वाटली. मागे खिडकी, पुढे अंधार, मध्ये मी, म्हणजे भिंतीला ओल आल्यासारखा एक डाग. जन्मभर ज्यानं लोकांना खिडकीकडे पाठ करू दिली नाही, तो स्वतः वर्षभर खिडकीकडे पाठ करून बसला होता.

त्याच दिवशी टेबल फिरवलं. आमची ही म्हणाली, "अहो, आता कपाट उघडणार कसं?" म्हटलं, कपाटात काय आहे ते मला माहीत आहे, उघडायची गरज नाही. खिडकी समोर घेतली. लॅपटॉपखाली चार जाडजूड पुस्तकं घातली, कारण कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत पाहिजे, नाहीतर समोरच्याला तुमच्या नाकपुड्या दिसतात. पुढच्या रविवारी ऐटीत बसलो. "ताई, आता?"

"बरं आहे. पण कडेनं काळं येतंय रे."

कडेनं काळं! फोटोवाल्याला कडेनं काळं म्हटलं की काय सुचणार? लेन्स. स्वस्त लेन्सच्या कडा अंधारतात, हे मी झोपेतही सांगेन. लॅपटॉप काखेत मारला आणि दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या बाई मोठ्या शांत. चष्मा वर करून त्यांनी ते भोक न्याहाळलं, नखानं काहीतरी खरवडलं, आणि माझ्यापुढे बोट धरलं. बोटावर पारदर्शक प्लास्टिकचा कपटा. म्हणाल्या, "काका, ही फिल्म काढून वापरायचा असतो." वर्षभर मी प्लास्टिकच्या आडून बोलत होतो. "आपण काय करत होता?" म्हणून त्यांनी विचारलं, आणि एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी सांगितलं, किराणा दुकान.

पण बाई हुशार. कॉल चालू असताना बाकीचं सगळं बंद ठेवा, सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा दर्जा वर न्या, नेटचा डबा जवळ आणा, आणि उजेड द्या, भरपूर उजेड, या कॅमेऱ्याला अंधारात काही सुधरत नाही. सगळं केलं. नेटचा डबा स्वयंपाकघरातून माझ्या उशाशी आला. स्टुडिओतला जुना दिवा माळ्यावरून उतरवला, प्रकाश मऊ पडावा म्हणून त्याच्यापुढे बटर पेपर लावला, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला, म्हणजे गालावर सावली नको. आमच्या हिनं दारातून डोकावून विचारलं, "बहिणीशी बोलताय की पिक्चर काढताय?" म्हटलं, चित्र स्वच्छ पाहिजे.

रविवारी, दहा वाजता. "ताई, आता?"

"तुझा डावा खांदा नाही दिसत."

सरकलो. "आता?"

"आता उजवा गेला. आणि त्या दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय बघ, गोल." 

दिवा बदलला. पुढच्या रविवारी पुन्हा कडं. पुन्हा बदलला. आता या सगळ्यात ताई बोलत असायची बरं का. तिला काय त्याचं, हा इकडे दिवे लावतोय. ती आपली सांगायची, "अरे, परवा काय झालं, चहाचा कप ठेवला तो टेबलाच्या बाहेरच. सगळा चहा सुनेच्या पायावर." आणि मी काय म्हणालो? "ते राहू दे गं, माझा कान दिसतो का सांग." ती सांगायची, "जिन्याची शेवटची पायरी मला हल्ली सापडतच नाही." मी म्हणायचो, "ताई, जरा हलू नकोस, मी उजेड जुळवतोय." ती हलली तर माझ्या चित्राला काय होणार होतं? काही नाही. पण सवय. समोर माणूस बोलायला लागला की माझ्या तोंडून आपोआप निघतं, हलू नका.

असे बारा रविवार. बारा. मोजलेत मी नंतर.

मग मात्र मी इरेला पेटलो. भाच्याला फोन केला, म्हटलं, रविवारी तू आईच्या मागे उभा राहा आणि तिच्या स्क्रीनवर मी कसा दिसतो त्याचा मोबाइलवर फोटो काढून पाठव. मला पुरावा पाहिजे. त्यानं पाठवला. आणि काय सांगू तुम्हाला... सुरेख. भुवईचा केस न् केस मोजून घ्या. शर्टाचं बटण चमकतंय, मागच्या पडद्याची वीण दिसतेय, चारही कोपरे लख्ख. टिकलीएवढ्याही नसलेल्या त्या भोकातून मी असं चित्र काढलं होतं, कुठल्याही फोटोवाल्यानं उठून सलाम करावा. शेजारच्या मास्तरांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "वा, दहा वर्षांनी तरुण दिसताय." मी लगेच ताईला फोन लावला. आनंदानं नाही हो. भांडायला.

म्हटलं, "ताई, तुझ्या स्क्रीनचा फोटो आहे माझ्या हातात. कुठेही काळं नाही, कुठेही धुरकट नाही. तीन महिने मी मर मर मरतोय, आणि तू नीट बघतच नाहीस."

ती मग म्हणाली, "असेल बाबा. माझंच चुकत असेल."

फोन ठेवला. जिंकलो ना मी. जेवायला बसलो, दोन घास जास्त खाल्ले. तो फोटो आमच्या हिच्या पुढे धरला, म्हटलं, बघ. तिनं पाहिला. बराच वेळ पाहिला. मग हळूच म्हणाली, "अहो, चित्र एवढं स्वच्छ आहे... तर मग काळं कुठे आहे?"

हात ताटातच राहिला माझा.

काळं कुठे आहे. कडेनं काळं, खांदा नाही, कान नाही, दिव्याभोवती कडं, कप टेबलाबाहेर, पायरी सापडत नाही. आणि पहिल्याच दिवशी काय म्हणाली होती? आजकाल. तू आजकाल धुरकट दिसतोस. म्हणजे आधी त्या खिडकीपुढच्या अंधारात, त्या प्लास्टिकच्या आडून, मी तिला नीट दिसत होतो. तीन महिने एक माणूस मला सांगत होतं की मला दिसेनासं झालंय, आणि मी त्याला सांगत होतो, हलू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस पकडली. आज जाऊ उद्या जाऊ करणारा मी. भाचा, ताई आणि मी, तिघं डोळ्यांच्या डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणजे तरुण मुलगी, बोलायला मऊ. तिनं ताईची हनुवटी त्या यंत्रावर ठेवली आणि म्हणाली, "आजी, हलू नका हं." मी खाली बघायला लागलो.

काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो, नजर कडेकडेनं मरत येते, मधली तेवढी उरते. ताईला उरली होती ती ताटलीएवढी. गेलेली परत येत नाही, डॉक्टर म्हणाली. उरलेली थेंब घालून सांभाळायची. मग कागदावर लिहिता लिहिता तिनं विचारलं, "किती दिवसांपासून त्रास होतोय?"

ताई म्हणाली, "तीन महिने झाले असतील."

"थोडं आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं. घरात कुणाला सांगितलं नाहीत?"

आता बघा. मी बाजूच्याच खुर्चीत. दर रविवारी, दहा वाजता, तिनं ज्याला सांगितलं तो माणूस. आणि ताई काय म्हणाली? "नाही हो. कुणाला नाही सांगितलं. मलाच वाटलं, वयानं असेल."

मी बोलायला हवं होतं. नुसतं एवढंच, की डॉक्टर, मला सांगितलं होतं. चार शब्द. पण तोंड उघडेना. लोकांना गप्प बसवण्यात आयुष्य गेलं आणि त्या एका ठिकाणी मीच गप्प बसलो. बाहेर आल्यावर ताईनं माझा दंड धरला, पायऱ्यांसाठी. म्हणाली, "तोंड पाडू नकोस. तू तरी काय करणार होतास?" ऐकायला हवं होतं, दुसरं काय करणार होतो. तेही नाही बोललो. पायऱ्या मात्र एकेक मोजून सांगितल्या.

आता रविवारी कसं असतं, विचारा. दिवा माळ्यावर गेला, पुठ्ठा कचऱ्यात. टेबल फिरवून मूळ जागी, कपाट उघडतं. लॅपटॉप एका भिंतीला आणि मी समोरच्या भिंतीला, पार टोकाला, खुर्ची टाकून. कारण जवळ बसलो की मी तिच्या ताटलीत मावत नाही, नुसतं नाकच येतं. लांब बसलो की डोक्यापासून पायापर्यंत सगळा बसतो. चित्र? विचारू नका. अंगठ्याएवढा माणूस, चेहऱ्याच्या जागी ठिपका. माझ्या स्टुडिओत कुणी असा फोटो काढला असता तर मी त्याला दाराबाहेर घातला असता. ओरडून बोलावं लागतं. पण बोलतो कमी, ऐकतो जास्त. सुनेचं, गुडघ्याचं, थेंबांची बाटली कुठे ठेवली याचं, सगळं ऐकतो.

गेल्या रविवारी राहवलं नाही. म्हटलं, "ताई, एवढ्या लांबून तुला माझं नाक, डोळे, काही दिसतं तरी का?"

"नाही," ताई म्हणाली. "पण साठ वर्षं जवळून बघितलंय रे. बघण्यासारखं तिथे तसंही काही नव्हतं."