आठ बत्तीसचं पेट्रोल

(चामोर्शी रस्त्यावरचा पेट्रोल पंप. ऑगस्टातला सोमवार, दुपार. मोटरसायकलवरच्या तरुणाच्या तोंडाला डोळ्यांपर्यंत दुपट्टा बांधलेला. मागे पार्सलच्या दोन मोठ्या पिशव्या.)

गाडीवाला : पैसे आले ना? दोनशे मिळाले म्हनून डब्बा तं बोलला.

उर्वशी : डब्बा बोलला, पन मी बोलली नाई अजून. गाडी बाजूले घे. तिकडं, हवेच्या मशीनजवळ.

गाडीवाला : काऊन? दोनशेचं टाकलं, दोनशे देल्ले.

उर्वशी : पैशाचं काई नाई. दुपट्टा सोड.

गाडीवाला : ऊन लागते, बाई.

उर्वशी : सकाळपासून आभाळ भरलं हाय आन् याले ऊन लागते. सोड म्हनते ना मी, प्रवीण.

गाडीवाला : कोन प्रवीण? तुमची काईतरी गलती होऊन राह्यली.

उर्वशी : आवाजबी बदलवला का? हे पाह्य. मालकानं मले हा मोबाइल देला हाय. डब्बा फकस्त आकडा बोलते, इथी नाव येते. वाच. नाई वाचत तं मी वाचते. प्रवीण लटारू बारसागडे. माह्या घराच्या बाजूलेच राहाते थो. म्हंजे राहात होता.

गाडीवाला : वहिनी, हळू बोला.

उर्वशी : आता वहिनी झाली. आतापर्यंत बाई होती.

प्रवीण : घ्या. सोडला दुपट्टा. कधीपासून माहीत हाय तुमाले?

उर्वशी : संक्रांतीपासून. दर सोमवारी येते, तोंड झाकते आन् नाव पाठवते. रोख देल्ले असते तं मी जल्मात ओळखलं नसतं तुले.

प्रवीण : रोख ठेवतच नाई मी. आन् इथी नाव दिसते म्हनून माह्या ध्यानातच नाई आलं.

उर्वशी : शिकलेला मानूस तू. लगन होऊन आली तवा तू चौथीत होता, तवाबी असाच, पेरू चोरले का चड्डीचा खिसा फुगलेला, आन् म्हने मी नाई. पुन्याची कंपनी कवा सुटली?

प्रवीण : गेल्या दिवाळीत. कंपनीनं अर्धे पोरं काढले, त्याच्यात माहा नंबर लागला. दोन महिने तिथीच हिंडलो. मंग आष्टीले खोली घेतली. सोमवारी गडचिरोलीहून पार्सल आनतो, हप्ताभर वाटतो.

उर्वशी : आष्टी. म्हंजे इथून अर्धा-पाऊन तास. आन् रोज राती माईले फोन, पुन्यात पानी लय हाय. काकी सकाळी साऱ्या मोहल्ल्याले सांगत हिंडते, पुन्यात पानी लय हाय म्हने.

प्रवीण : सांगनार होतो, वहिनी. म्हनलं दुसरी नोकरी लागली का सांगू. मले नोकरी लागली तवा बाबानं ग्रामपंचायतीसमोर बॅनर लावलं होतं, ध्यानात हाय ना? रोज त्याच्याखाली बसत. गावातल्या पोराइले म्हनत, प्रवीणले विचारा, थो लावून देइन तुमाले. त्याइले कसं सांगू का मलेच काढलं?

उर्वशी : बॅनर पहिल्याच वादळात फाटलं. त्याच बॅनरनं तुहा बाप गाईच्या चाऱ्याचा, तनसाचा ढीग झाकत होता. तुह्या फोटोवर गाय उभी राहात होती.

प्रवीण : हसाले येते तुमाले.

उर्वशी : तवा येत होतं. काकाजीलेबी येत होतं. एक सांग, आष्टीत पंप नाई का? इथीच काऊन भरते?

प्रवीण : इथून घर दिसते. धानाच्या बांध्याइच्या पलीकडं, मोहाच्या झाडाजवळचं टिनाचं छप्पर. बाबा आंगनात खाट टाकून बसत. तुमी पेट्रोल भरेपर्यंत पाहून घेत होतो.

उर्वशी : आन् आता कोनाले पाहाते? चार महिने होतीन काकाजीले जाऊन.

प्रवीण : चार नाई. तीन झाले परवा.

उर्वशी : हिशेब पक्का हाय. मंग हेबी पाह्य. खाली सरकवते, थांब. मे महिना. एकवीस तारीख. आठ बत्तीस. शंभर रुपये. वाच नाव.

प्रवीण : नका दाखवू, वहिनी.

उर्वशी : वाच.

प्रवीण : माहीत हाय मले.

उर्वशी : पाचले काकाजी गेले. सहाले तुह्या चुलतभावानं, विक्कीनं तुले फोन केला. आठ बत्तीसले तू माह्यासमोर होता. बदलीले कोनी नव्हतं म्हनून मी डूटीवर आली होती, रडून डोळे सुजलेले. नाव दिसलं तं म्हनलं चला, पोरगा आला. दुपट्टा बांधून का होईना, आला. पोचलाच असन म्हनून कोनाले फोन नाई केला. दोनले डूटी सोडून तुमच्या घरी गेली, तं सारे वाट पाहात बसले. काकी मले म्हने, उर्वशी, पोरगा पुन्याहून निघाला, रेल्वेत हाय, उद्या पोचते.

प्रवीण : तुमी काऊन नाई बोलल्या तवाच?

उर्वशी : तुहा बाप समोर पडला होता. चामोर्शीहून बर्फ आनला होता, थो पानी होऊन आंगनात पसरला होता. त्या टायमाले म्हनू का, तुमचा पोरगा शंभरचं पेट्रोल भरून वापस गेला? जिभेवर आलं आन् गिळलं. त्या दिवसापासून मीबी तुह्याच बाजूची झाली. मले लाज वाटते त्याची.

प्रवीण : विक्कीनं आगीन देली ना?

उर्वशी : चार वाजेपर्यंत काकीनं उचलूच देलं नाई. लोकं म्हनत, सुगंधाबाई, उन्हाचे दिवस हायत, आता थांबता येत नाई. तिनं खाटेचा पाय धरून ठेवला होता. शेवटी चौघीनं मिळून तिचे हात सोडवले. त्याच्यात एक मी होती.

प्रवीण : मी येत होतो, वहिनी. आष्टीहून निघालो तवा सरळ घरीच याचं होतं. टाकी खाली होती म्हनून थांबलो. पैसे मारले, मान वर केली, तं फाट्यावर विक्की आन् दोघं-तिघं हिरवे बांबू घेऊन चालले होते. मंग डोक्यात आलं, पुन्याहून अडीच घंट्यात कोन येते? तसाच आंगनात गेलो असतो तं लोकं बाबाकडं नाई, माह्याकडं पाह्यले असते. म्हनलं थोडं थांबू, काईतरी गोष्ट जुळवू. आष्टीच्या रस्त्यानं थोडा गेलो. मंग अजून थोडा. दुपारी खोलीवर होतो. पंखा चालू करून बसलो होतो. तिकडं बाबाले उन्हात नेऊन राह्यले होते आन् मी पंख्याखाली.

उर्वशी : आन् दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन आला, गाडीचा टायम पाहून. थे बॅग मीच उचलून आत ठेवली. दोन कपडेबी नव्हते तिच्यात. तवा समजली मी सारं.

प्रवीण : माईले सांगतलं तुमी?

उर्वशी : नाई.

प्रवीण : मंग राहू द्या ना. हात जोडतो. गेलेला मानूस काई वापस येत नाई. तिले अजून एक दुख काऊन द्याचं? मी बघा, दिवाळीपर्यंत कुठीतरी चांगलं लागतो, मंग...

उर्वशी : मले वाटलं होतं तू हेच म्हनशील, तिले दुख नको. म्हनून तं तीन महिने चूप होती मीबी. आता आईक. आदल्या रातीच काकाजीची छाती दुखत होती. काकीनं तुले फोन लावाले घेतला. काकाजी म्हनले, पोरगा डूटीवरून थकून आला असन, झोपू दे त्याले, सकाळी लाव. तिनं फोन खाली ठेवला. माहीत हाय तुले हे?

प्रवीण : नाई.

उर्वशी : बस, तवापासून थे तिथीच अडकली हाय. म्हनते, रातीच फोन लावला असता तं पोरगा पोचला असता, पोराले बापाचं तोंड दिसलं असतं, माह्यानं उशीर झाला. धान लावाच्या रोवन्यात पऱ्ह्याची जुडी हातात घेऊन उभीच राहाते. बायका पुढं निघून जातात आन् हे एकटी मागं, चिखलात, हेच पुटपुटत.

प्रवीण : मले तं कधी बोलली नाई.

उर्वशी : तुले काय बोलन? हो, नाई, ठेवतो, याच्यापुढं तू बोलते का तिच्याशी? तिले वाटते, पोरगा आपल्यावर रागावला हाय. बापाचं तोंड दाखवलं नाई म्हनून.

प्रवीण : मी रागावलो? तिच्यावर? वहिनी, तिचा आवाज मले आईकवत नाई, म्हनून ठेवतो मी फोन.

उर्वशी : थे तिले कसं समजावं? आता येत्या गुरवारी निघाली थे पुन्याले.

प्रवीण : कोन निघाली?

उर्वशी : तुही माय. चामोर्शीच्या पलीकडं एकटी कधी गेली नाई, आन् पुन्याले निघाली. विक्कीनं तिकीट काढलं. नागपूरले थो बसवून देते, पुढं तुले टेशनवर बोलावनार हाय. तुले आधी सांगू देत नाई कोनाले, नाईतं येऊ नको म्हनशील. लाखोळीची डाळ बांधली, काकाजीचा पांढरा सदरा धुऊन घडी केला. मी म्हनलं, काकी, कायले जाता एवढ्या दूर? तं म्हने, माफी मागते त्याची. फोनवर माफी मागता येत नाई.

प्रवीण : माही माफी.

उर्वशी : हो. तुही.

प्रवीण : तुमीच सांगून द्या ना, वहिनी. माह्यानं नाई होत.

उर्वशी : मी सांगतलं तं चुगली होईन. थे मले म्हनन, उर्वशी, तुले माहीत होतं आन् तू माहे हात सोडवाले आली होती? त्याचं उत्तर मले द्याच लागन, देइन मी. पन पहिले तू.

प्रवीण : आंगनात, साऱ्या गावासमोर?

उर्वशी : गाव आज रोवन्यात हाय. मोहल्ल्यात कुत्रंबी नाई. काकी एकटी घरी हाय, दोन दिवसाचा ताप हाय तिले.

प्रवीण : ताप? काल राती बोलली नाई मले.

उर्वशी : बोलू देलं का तुनं?

प्रवीण : जातो. पन सरळ समोर जाऊन उभा राह्यलो तं तोंडून शब्दच निघनार नाई, मले माहीत हाय. मंग अजून काईतरी जुळवीन. पहिले फोन लावतो. इथूनच. तुमी थांबा माह्याजवळ.

उर्वशी : थांबते. थोडा तिकडं सरक, नाईतं मालक बोंबलते. पाटी लावली हाय, मोबाइल वापरू नका. आन् तिच्याच खाली मोबाइलनं पैसे भराचा कागद चिकटवला. आवाज मोठा कर, मलेबी आईकू दे. मीबी हाव याच्यात.

प्रवीण : वाजून राह्यला.

सुगंधाबाई : कोन, बापू? दुपारचा कसा फोन केला? डूटी नाई का आज?

प्रवीण : नाई, माय. ताप उतरला का?

सुगंधाबाई : कोनं सांगतलं ताप म्हनून? उतरला, उतरला. तू जेवला का? बापू, मले तुले एक बोलाचं हाय, पन आता नाई. समोर बसून बोलीन. तू रागावू नको फकस्त.

प्रवीण : पहिले माहं आईक. बाबा गेले त्या दिवशी तुह्यानं उशीर नाई झाला.

सुगंधाबाई : झाला रे. तुहे बाबा झोपू दे म्हने, पन मले समजाले पायजे होतं. पुन्याहून याले एक दिवस लागते, थे काय मले माहीत नव्हतं? राती फोन केला असता तं तू पोचला असता.

प्रवीण : मी पुन्याहून येतच नव्हतो, माय. विक्कीचा फोन टायमावर आला. मी टायमावर पोचलोबी. साडेआठले.

सुगंधाबाई : साडेआठले तं तुह्या बाबाले आंघोळबी घातली नव्हती. कुठी पोचला होता तू?

प्रवीण : पंपावर.

सुगंधाबाई : कोन्या पंपावर, बापू?

प्रवीण : आपल्याच, माय. आंगनातून दिसते थो. आताबी तिथीच उभा हाव.